पांढरा मणी शंखाचा की हाडाचा, ओळखतात कसं?

समीर_ना: मागच्या महिन्यात गुजरातमधलं हडप्पा काळातलं धोलाविरा बघून आलो. बांगड्यांचे तुकडे आणि बारीक पांढरे मणी बघताना डोक्यात एकच, अरे हे सगळं पांढरंच आहे, मग शंख कुठला, हाड कुठलं आणि भाजलेला स्टिएटाइट दगड कुठला हे ठरवतात कशावरून? घासून घासून मूळ आकार तर काहीच उरलेला नाही. फोडून बघतात का? जरा सविस्तर लिहा कुणीतरी.

शंखवेडी: बांगड्यांना बरेचदा भिंग पुरतं. शंख आडवा कापून कडं काढतात ना, त्यामुळे प्रत्येक कड्यात एका जागी शंखाचे दोन वेढे जुळल्याचा सांधा येतोच, आणि हडप्पा काळातले कारागीर नेमके तिथेच व्ही आकाराची खाच कोरायचे. मला हे फार आवडतं, शंखाची खोड त्यांनी नक्षीत घेतली! हाड असेल तर रक्तवाहिन्यांच्या बारीक नळ्या दिसतात, हस्तिदंतात एकमेकांना छेदणाऱ्या रेघा.

लॅबवाला: बांगडीचं ठीक आहे, पण दोन मिलीमीटरच्या मण्यात सांधा कुठून आणणार. तिथे रामन लावतात, म्हणजे लेसर मारून परत येणारा प्रकाश मोजायचा, वस्तूला धक्का लागत नाही. शंख म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्यातही अ‍ॅरागोनाइट, त्याचा मोठा पीक, म्हणजे आलेखातलं टोक, १०८५ च्या आसपास (एकक प्रति सेंटीमीटर), पण कॅल्साइटचाही, म्हणजे त्याच कार्बोनेटच्या दुसऱ्या स्फटिकाचाही, तिथेच येतो म्हणून ७०५ ला छोटा पीक आहे का ते बघायचं, कॅल्साइटचा ७१२ ला असतो. हाडाचा फॉस्फेटमुळे ९६० ला. स्टिएटाइट तर एक्सआरएफवरच कळतो, म्हणजे क्ष-किरण मारून कुठली मूलद्रव्यं आहेत ते बघायचं, त्यात सिलिकॉन दिसतं, शंखात कॅल्शियम आणि थोडं स्ट्रॉन्शियम. आणि कृपा करून व्हिनेगरचा थेंब टाकून बघू नका कुणी, मणी खराब होतो.
एक खोच आहे, शंख आगीत सापडला की अ‍ॅरागोनाइटचं कॅल्साइट होतं, त्यामुळे कॅल्साइट दिसलं म्हणून लगेच शंख बाद करायचा नाही.

समीर_ना: म्हणजे रामनवरून कुठला शिंपला तेही कळतं?

लॅबवाला: नाही, अ‍ॅरागोनाइट समुद्रातल्या शंखात आणि नदीच्या शिंपल्यातही. तिथे प्रोटीन लागतं. कवच बनताना प्राण्याचं थोडं प्रोटीन आत अडकतं, ते हजारो वर्षं टिकू शकतं. २०१९ मध्ये युरोपातल्या छोट्या दुहेरी बटणांवर असं काम झालं, इसवी सनापूर्वी ४२०० ते ३८०० मधली, डेन्मार्क, जर्मनी आणि रोमानियात सापडलेली. सूक्ष्मदर्शक, रसायन आणि प्रोटीन, तिन्ही वापरलं. निघाली गोड्या पाण्यातल्या शिंपल्याची, जवळपासच्याच! डेन्मार्कचं हावनो तर समुद्रकाठी, ऑयस्टरच्या कवचांचा ढीग पडलेला, तरी यांनी नदीचा चमकणारा शिंपला निवडला. यासाठी मात्र थोडी पूड खरवडावी लागते.

पाटणेकर: कॅल्साइटवरून आठवलं, आपल्या जळगाव जिल्ह्यातलं पाटणे. तिथले सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे मणी शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे आहेत, ते मुळातच कॅल्साइट, न जळता. म्हणून कॅल्साइट आलं की आधी कवचाची बारीक छिद्रं शोधायची.

समीर_ना: शहामृग, तेही जळगावात! आता पाटण्याला जायलाच हवं. तिथलं खोदकाम कुठल्या बाजूला झालं ते कुणी सांगेल का, आणि ते मणी आता बघायला कुठे मिळतील?