आंब्याच्या वेबसाइटला तीन वर्षांचं स्वस्त होस्टिंग घेऊ का?

देवगडी_पेटी
बागेतला हापूस थेट गिऱ्हाइकाला विकतो. बुकिंग वेबसाइटवर (वर्डप्रेस, त्यावर दुकानासाठी वूकॉमर्स). धंदा मार्च ते मे, मग कोकम आगळ, फणसपोळी वगैरे किरकोळ. गेल्या अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी सकाळी दहाला व्हॉट्सॲपवर टाकलं, 'आढीतला आंबा तयार'. साडेदहाला साइटवर नुसतं '५०८ रिसोर्स लिमिट इज रीच्ड'. चॅटवरचा पोरगा म्हणे, वरचा प्लॅन घ्या. आता मुदत संपतेय. दुसरीकडची ऑफर: तीन वर्षांचे एकरकमी भरले तर महिना १४९, पुढे ४४९. सगळं 'अनलिमिटेड'. घेऊन टाकू?

कुडाळची_सर्व्हरवाली
नका घेऊ. 'अनलिमिटेड' असते ती जागा. सीपीयू आणि एका वेळी किती प्रोसेस चालणार यावर शेअर्ड होस्टिंगमध्ये (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) मर्यादा असतेच, तुमचा ५०८ म्हणजे तीच. आणि हिशोब करा की: पहिल्या तीन वर्षांचे मिळून ५,३६४, चौथ्या एकट्या वर्षाचे ५,३८८! वर १८ टक्के जीएसटी. त्यापेक्षा मुंबईच्या डेटा सेंटरमधला छोटा व्हीपीएस (सर्व्हरचा तुमच्यापुरता राखलेला भाग) महिन्याच्या बोलीवर घ्या. मार्चला रॅम वाढवा, जूनला उतरवा.

वेंगुर्ल्याचो_बाबी
आणि तेचे अपडेट कोण करतलो? फवारणीक माणूस गावना नाय, सर्व्हर सांभाळूक खंयसून हाडतलस? ९९.९ टक्के अपटाइम म्हणजे वर्षाक पावणेनऊ तास बंद. आमच्याकडे वीज तेवढी जूनच्या पयल्या आठवड्यातच जाता. तौक्ते वादळाच्या वेळाक, मे २०२१ मध्ये, आमचो टॉवरय गेलो. मुंबैत सर्व्हर मस्त चालू, हय ऑर्डर बघूक कोण? तीन महिन्यांच्या धंद्याक व्हॉट्सॲप आणि क्यूआर कोड पुरे.

देवगडी_पेटी
बाबी, व्हॉट्सॲपवर करून झालंय. रात्री बारापर्यंत पत्ते वहीत उतरवायचे. एका पत्त्यात पिनकोडचा एक आकडा चुकला, पाच डझनाची पेटी चार दिवस फिरली. उघडली तेव्हा निम्मा आंबा डागी. वेबसाइट हवीच.

दापोली_होमस्टे
सर्व्हरवाली ताई उगाच घाबरवतायत. मी सहा वर्षं शेअर्डवरच आहे. तुमची साइट उघडली दादा, पहिल्याच पानावर अठरा फोटो, मोबाइलमधून काढून तसेच चढवलेले, एकेक चार एमबी. ते दोनशे केबीवर आणा आधी.

कुडाळची_सर्व्हरवाली
फोटो कमी करायलाच हवेत, पण ५०८ फोटोंमुळे आला नसावा. होमस्टेच्या पानाची तयार प्रत साठवून (कॅश करून) तीच सगळ्यांना देता येते. कार्ट आणि पैसे भरायचं पान प्रत्येकासाठी नव्याने बनवावं लागतं. दोनशे माणसं एकदम आली की शेअर्ड तिथे बसतं. तुमच्याकडे दिवसाला बुकिंग किती? तुलना कशाची कशाशी!

दापोली_होमस्टे
बरं, तो मुद्दा मान्य. पण दोनशे माणसं एकदम वर्षातून किती दिवस? चार? मेसेज गटागटाने पाठवा, अर्ध्या-अर्ध्या तासाने. फुकट.

खरा घोळ होस्टिंगचा नसतोच. आमचं डोमेन, म्हणजे साइटचं नाव, साइट बनवणाऱ्या मुलाने स्वतःच्या ईमेलवर घेतलेलं. नूतनीकरणाचे मेल त्याला जात राहिले, त्याने बघितले नाहीत, आणि ऐन नाताळात साइट गायब. खोल्या स्वच्छ, मासे आणलेले, फोन वाजेना. तेव्हापासून डोमेन एकीकडे, होस्टिंग दुसरीकडे, दोन्ही माझ्या ईमेलवर. बॅकअप दर रविवारी घरच्या हार्ड डिस्कवर. २०२१च्या मार्चमध्ये फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा काहींचे बॅकअपही त्याच आवारात होते.

वेंगुर्ल्याचो_बाबी
ह्या मात्र बरोबर बोलल्यात.

देवगडी_पेटी
आत्ता बघितलं. डोमेन माझ्या नावावर आहे, पण ईमेल भाच्याचा. भाचा मस्कतला.

कुडाळची_सर्व्हरवाली
होस्टिंग बदलायला डोमेन हलवावं लागत नाही, नेमसर्व्हर (डोमेनला साइट कुठे आहे ते सांगणारी नोंद) बदलले की झालं. पण त्यासाठी डोमेनच्या खात्यात शिरायला हवं, आणि पासवर्ड विसरलात तर लिंक त्याच ईमेलवर जाणार. काय ते मोहोर आहे तोवर उरका. पेट्या भरायला घेतल्यावर सर्व्हर हलवू नका.

देवगडी_पेटी
भाच्याला मेसेज टाकलाय. दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.