पंचवीस टक्क्यांतून आलेली मुले आठवीनंतर कुठे जातात?

प्रश्न: कोथरूडचा पालक
आमच्या विनाअनुदानित शाळेने समता आणि समावेशनाचे धोरण छापून प्रवेशद्वारापाशी लावले आहे. पालक-शिक्षक संघाचा सदस्य म्हणून त्याची अंमलबजावणी पाहण्याचे काम माझ्याकडे आले आहे. भित्तिपत्रके, निबंधस्पर्धा, सावित्रीबाईंची जयंती हे सारे नेमाने होते. परंतु शिक्षणहक्क कायद्याने (आरटीई) वंचित व दुर्बल घटकांतील मुलांच्या मोफत शिक्षणासाठी राखलेल्या पंचवीस टक्के जागांवर पहिलीत आलेल्या मुलांपैकी नववीत मोजकीच दिसतात. मी नेमके काय तपासावे?

निवृत्त मुख्याध्यापिका, सदाशिव पेठ
सुरुवात हजेरीपटापासून करावी. कित्येक ठिकाणी या मुलांच्या नावापुढे लाल शाईने ‘आरटीई’ लिहिलेले असते आणि पुस्तकवाटपाच्या दिवशी ‘आरटीईवाले उभे राहा’ असा पुकारा होतो. सात वर्षांच्या मुलाला काय समजायचे ते तेवढ्यात समजते. २०१० च्या केंद्रीय नियमांनुसार या मुलांना वेगळ्या वर्गात वा वेगळ्या वेळी बसवता येत नाही आणि पुस्तके, गणवेश, ग्रंथालय, खेळ यांबाबत दुजाभाव करता येत नाही. हे बहुधा कारकुनी सोयीपोटी घडते, त्यामुळे कोणी हटकले की थांबतेही.

जाता जाता एक सांगते. १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली, हे आपण पुणेकर अभिमानाने सांगतो. मात्र फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे यांचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला होता, याचा उल्लेख जयंतीच्या भाषणांत क्वचितच होतो. निबंधस्पर्धेचे विषय ठरवणाऱ्यांनी तो अवश्य वाचावा.

येरवड्याचा पालक
माझा मुलगा याच तरतुदीतून आठवीपर्यंत शिकला. शिकवणीचे शुल्क कधी कोणी मागितले नाही. मागितले ते सहलीचे, स्नेहसंमेलनाच्या पोशाखाचे आणि संगणकवर्गाचे. शिक्षण पूर्ण होण्यात अडथळा येईल असे कोणतेही शुल्क वा खर्च मुलावर लादू नये, असे कायद्याचे कलम ३ सांगते. पण वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर पैसे न भरलेल्यांची यादी आली की कलम दाखवायची हिंमत होत नाही.

खरी अडचण पुढे आली. कायदा ६ ते १४ वयापुरताच असल्याने आठवीचा निकाल लागताच नववीच्या पूर्ण शुल्काचे पत्रक हाती पडले. घराजवळच्या अनुदानित मराठी शाळेत घालावे तर माध्यम बदलते, आणि आठ वर्षे इंग्रजीत गणित केलेल्या मुलाने दहावीच्या तोंडावर भूमितीची प्रमेये मराठीत कशी मांडायची?

एका संस्थेचा हिशेबनीस
दुसरी बाजूही ऐकावी. या जागांच्या शुल्काची प्रतिपूर्ती शासनाकडून वेळेवर येत नाही आणि ती तूट शेवटी इतर पालकांच्या शुल्कातून भरावी लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने एक किलोमीटरच्या आत शासकीय वा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना या बंधनातून वगळले, तेव्हा आमच्या कार्यालयात हायसे वाटले होते, हे लपवत नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली, ते ठीकच झाले. परंतु नववी-दहावीचा भार कोणी उचलायचा?

निवृत्त मुख्याध्यापिका, सदाशिव पेठ
हिशेबनीस महोदय, थकबाकीची तक्रार रास्त आहे, पण ती शासनाशी भांडून सोडवावी. त्यापायी मुलाला वर्गाबाहेर ठेवता येत नाही. नववीचा खर्च काही अचानक उद्भवत नाही. पहिलीत किती मुले घेतली हे शाळेला ठाऊक असते, म्हणजे तजविजीसाठी आठ वर्षे हाताशी असतात. माजी विद्यार्थ्यांकडून निधी उभारता येतो, शुल्कात टप्प्याटप्प्याने सवलत देता येते आणि निदान सहावीतच पालकांना बोलावून पुढचे आकडे सांगता येतात. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण ३ ते १८ वयाच्या शिक्षणाविषयी बोलते. शाळेच्या धोरणानेही दहावीपर्यंत तरी बोलावे.

कोथरूडच्या पालकांनी पुढच्या बैठकीत दोन गोष्टी लेखी मागाव्यात: गेल्या काही वर्षांत या जागांवरची किती मुले आठवीनंतर शाळा सोडून गेली, आणि नववीच्या शुल्काबाबत संस्थेचा ठराव काय आहे. उत्तर तोंडी मिळाले तर ते इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.