हिवाळाभर स्पेनमध्ये बोट कुठे ठेवावी? पाण्यात की जमिनीवर?

होटगीरोडवाला:

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा. एकतीस वर्षं व्यापारी जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली, शेवटची दहा चीफ इंजिनिअर म्हणून. मागच्या वर्षी मी आणि माझ्या पुतण्यानं मिळून एक जुनी ३४ फुटी शिडाची बोट घेतली. १९९८ ची, फायबरची. पुतण्या हॅम्बुर्गला असतो, नोंदणी जर्मनीची आणि त्याच्याच नावावर, व्हॅट भरल्याचे कागद जवळ आहेत. तेव्हा ती बाजू मिटलेली आहे. यंदाचा उन्हाळा बालेआरिक बेटांमध्ये काढला आणि आता बोट देनियाला उभी आहे.

शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. ते माझे ऑक्टोबरच्या मध्याला भरतात, म्हणजे दिवाळीला मी घरी. जानेवारीत सिद्धेश्वराचा गड्डा. नोकरीत असताना कितीतरी वर्षं नंदीध्वजांची मिरवणूक चुकली, आता ती चुकवायची नाही असं मी घरात शब्द देऊन बसलोय. पुतण्याला रजा नाही. म्हणजे एप्रिलपर्यंत बोटीवर आमचं कोणीही नसणार.

तीन जागा डोळ्यांसमोर आहेत. कार्ताहेनाला पाण्यातच ठेवायची, नाहीतर अल्मेरिमारला किंवा एब्रोच्या मुखाजवळ सांत कार्लेस दे ला रापिताला वर काढून ठेवायची. धक्क्यावर एकानं सांगितलं की जिब्राल्टरच्या पलीकडे कादिसकडे न्या, स्वस्त पडेल.

जहाज मला कळतं. पण जहाज कधी एकटं नसतं, रात्री तीनलाही कोणीतरी वॉचवर जागं असतं. कुलूप लावून सहा महिने निघून जायचं हे मला नवीन आहे. दरपत्रकं मी मागवतोच आहे, पण ज्यांनी स्वतः हिवाळा काढलाय त्यांचा अनुभव हवा आहे.

दर्यावर्दी_डोंबिवली:

दोन हिवाळे मायोर्का बेटावर पाल्माला ठेवली होती. कारागीर, सुटे भाग, शिडं शिवणारे, सगळं पायी जाण्याच्या अंतरावर. पण भाडं ऐकून छातीत धस्स होतं. पैशाची ओढाताण नसेल तरच मायोर्का. मेनोर्काला मात्र नको, उत्तरेचा त्रामोंताना वारा सुटला की पहिला तडाखा त्या बेटाला बसतो.

बार्शीकर_कार्ताहेना:

काका, नमस्कार. मी बार्शीचा. एकोणीस वर्षं कार्ताहेनात बोटींच्या वायरिंगची कामं करतो. माझ्या पोटापाण्याचं गाव आहे, बंदर नैसर्गिक आणि तीन बाजूंनी डोंगरांनी झाकलेलं आहे, हिवाळ्यात बोटीवरच राहणारे लोक इथे पुष्कळ असतात. तरी तुम्हाला सांगतो, पाण्यात ठेवू नका. बोटीवर राहणाऱ्यांसाठी ते बरं आहे. तुम्ही सोलापुरात असणार.

इथला पूर्वेचा वारा म्हणजे लेव्हान्ते. तो दोन-तीन दिवस धरून बसला की बंदराच्या आतही पाणी हेलकावत राहतं. मागच्या डिसेंबरात एका बोटीचा १४ मिलिमीटरचा दोर मी हातात घेतला. बाहेरून धडधाकट दिसत होता, पण जिथे तो कडेच्या खोबणीवर घासत होता तिथे अर्धे पीळ सुटून कापूस झाला होता. आपल्याकडे मागावर ताणा तुटल्यावर सुताचा जसा झुपका होतो, अगदी तसा. आणखी एक रात्र गेली असती तर बोट शेजारच्या बोटीवर जाऊन आदळली असती. मालक नॉर्वेला होता. मी सहज तिथून जात होतो म्हणून दिसलं.

दुसरी गोष्ट विजेची, आणि हे माझं रोजचं काम आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. बॅटरी चार्ज राहावी म्हणून लोक किनाऱ्याची वीज जोडून जातात. त्या केबलमधली अर्थिंगची तार धक्क्यावरच्या सगळ्या बोटींना एकमेकींशी जोडते. खारं पाणी आहेच. मग तुमच्या शाफ्टवरचा जस्ताचा तुकडा तुमचा पंखा (प्रोपेलर) वाचवण्यासाठी झिजायचा, तो शेजाऱ्याच्या पंख्यासाठीही झिजू लागतो. जस्त संपलं की तुमच्या धातूची पाळी. मध्ये गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवला असेल तर हे बरंच थांबतं, पण १९९८ च्या बोटीत तो असेलच असं धरू नका. तुम्ही इंजिनिअर आहात, वर्षाचं जस्त तीन महिन्यांत संपलेलं मी किती वेळा पाहिलंय हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आता जमिनीवरचं. तिथेही निर्धास्त राहू नका, मी स्वतः पोळलोय. मार्च २०२२ मध्ये सहाऱ्याची धूळ आली होती, इथे तिला कालिमा म्हणतात. आकाश नारिंगी झालं आणि वरून लाल चिखलाचा पाऊस पडला. माझी २८ फुटी बोट एका यार्डात वर काढलेली होती आणि मी पुतणीच्या लग्नाला बार्शीत. कॉकपिटचं पाणी जायची दोन भोकं असतात, करंगळीएवढी. त्यात तो चिखल बसला, वर कुठूनतरी उडून आलेला प्लॅस्टिकचा तुकडा. पुढे आठवडाभर पाऊस होता. कॉकपिट हौदासारखा भरला आणि दाराच्या फटीतून पाणी केबिनमध्ये गेलं. यार्डातल्या कुणीही वर चढून पाहिलं नाही. त्यांच्या पावतीवर ‘देखरेख’ असा शब्द होता, त्याचे पैसेही मी भरले होते. परत आलो तेव्हा फळ्या फुगलेल्या आणि गाद्यांवर हिरवी बुरशी. त्या बोटीत मी दोन वर्षं सुट्टीचा प्रत्येक रविवार घातला होता. खूप वाईट वाटलं.

म्हणून यार्ड ठरवताना माझा पहिला प्रश्न भाड्याचा नसतो. पाऊस पडून गेल्यावर शिडी लावून वर कोण चढणार, त्या माणसाला विचारा. महिन्यातून दोनदा जाऊन भोकं, बिल्ज (बोटीच्या तळाशी पाणी साचतं ती जागा) आणि टेकू पाहणारा, फोटो पाठवणारा माणूस ठरवा. त्याचे वेगळे पैसे द्यावे लागतात, ते द्या.

तुमच्या जागांबद्दल. अल्मेरिमार कोरडं आहे, आल्मेरिया भागात वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस, म्हणजे सोलापूर त्यापुढे हिरवंगार म्हणायचं. बुरशीची भीती तिथे सगळ्यात कमी. पण मागे एल एहिदोची प्लॅस्टिकची हरितगृहं मैलोनमैल पसरलीत, वारं सुटलं की धूळ बोटीवरच. शिवाय वसंतात तुम्हाला परत बेटांकडे जायचं असेल तर तिथून फार लांब पडतं आणि लेव्हान्ते नेमका तोंडावर येतो. सांत कार्लेस बेटांना जवळ आहे, कामंही चांगली होतात, पण एब्रोच्या खोऱ्यातून मेस्त्राल, म्हणजे वायव्येचा वारा, खाली येतो तेव्हा उभं डोलकाठीसकटचं जहाज थरथरतं. जानेवारी २०२० च्या ग्लोरिया वादळात तिथली त्राबुकादोरची वाळूची पट्टी फुटली आणि भातशेतीत समुद्र शिरला होता. तिथे ठेवलीत तर टेकूंवर भागणार नाही, जमिनीत पक्क्या कड्यांना पट्ट्यांनी बांधून घ्या.

कादिसचं मनातून काढून टाका. २०२० पासून जिब्राल्टरची सामुद्रधुनी ते गालिसिया या पट्ट्यात ऑर्का (किलर व्हेल) शिडाच्या बोटींची सुकाणूं मोडताहेत, काही बोटी बुडाल्या. चार पैसे वाचवायला तिथून दोनदा जायचं कशाला?

माझं मत विचाराल तर कार्ताहेनालाच आणा, पण वर काढून ठेवा. आणि किल्ली माझ्याकडे द्या.

होटगीरोडवाला:

बाळा, तुझं उत्तर घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. ही म्हणाली, किल्ली त्याच्याकडेच द्या. ठरलं, वर काढून ठेवायची. पैशाचं आधी बोलून घेऊ, फुकट करून घेणार नाही.

दोन शंका. डिझेलची टाकी भरून ठेवू की रिकामी? आणि इंजिनात अँटीफ्रीझ घालायची गरज आहे का, तिकडे पाणी गोठतं का?

बार्शीकर_कार्ताहेना:

टाकी काठोकाठ भरा. वर मोकळी जागा राहिली की रात्रीच्या गारव्यानं आतून घाम धरतो, त्या पाण्यात शेवाळ्यासारखं जंतूंचं किटण वाढतं आणि एप्रिलमध्ये फिल्टर तुंबतात. कार्ताहेनात समुद्राकाठी गोठण्याची वेळ सहसा येत नाही, पण इंजिन गोड्या पाण्यानं धुऊन मग अँटीफ्रीझ फिरवाच, त्यातल्या गंजरोधकासाठी. बॅटऱ्या पूर्ण चार्ज करून तारा सोडून ठेवा. शिडं उतरवून घडी करून आत ठेवा, गुंडाळून ठेवलेलं पुढचं शीड वादळात सुटलं तर बोट टेकूंवरून पाडू शकतं. गाद्या उभ्या ठेवा, कपाटांची दारं उघडी.

दोरांखाली घालायला घरून एखादी जुनी सोलापुरी चादर घेऊन या, फाटकी चालेल. वर काढायची पाळी येईपर्यंत दोन-चार दिवस धक्क्यावर बांधून ठेवावी लागेल, तेव्हा पट्ट्या फाडून गुंडाळू. पैशाचं भेटल्यावर बघू, पण शेंगाचटणी मात्र किलोभर आणा.

देनियाहून येताना आलिकान्ते आणि तोर्रेव्हिएहाला रात्र काढा, तिसऱ्या दिवशी इथे. पालोस भूशिराला ओर्मिगास बेटांपासून चांगलं बाहेरून या, आसपास उथळ खडक आहेत, १९०६ मध्ये सिरियो नावाची आगबोट तिथेच फुटून शेकडो लोक गेले. लेव्हान्तेचा अंदाज असेल तर तोर्रेव्हिएहातच थांबा, घाई करू नका. बंदराच्या तोंडाशी आलात की रेडिओच्या चॅनल ९ वर हाक मारा आणि मला फोन करा, दोर धरायला मी धक्क्यावर येतो.