सायकल कुठे, कशी बांधता? गोव्यातले अनुभव सांगा

मिरामार-दोनापावला पट्ट्यात सकाळी सायकलवर फिरणारे दिसतात, काही जण कामावरही सायकलनेच जातात, आणि पावाची टोपली बांधलेला पोदेर तर कधी थांबलाच नव्हता. पण बाजारात, बसस्टँडवर, किनाऱ्यावर सायकल लावायची म्हटली की ज्याची त्याची युक्ती. त्या युक्त्या इथे लिहा. चोरीचे अनुभवही लिहा, त्यांतूनच जास्त कळतं.

सुरुवात मी करते. जुन्या काळ्या सायकलींच्या मागच्या चाकाला गोल कुलूप असायचं. त्यानं चाक फिरत नाही, पण सायकल उचलून टेम्पोत टाकता येते. गिअरवाली तर कुणीही एकटा उचलेल. म्हणून माझा आग्रह एवढाच, की नुसतं कुलूप घालून निघू नका, सायकल जमिनीत घट्ट रोवलेल्या वस्तूला बांधा. बांधताना फ्रेम अडकवा. फक्त पुढचं चाक बांधलं तर क्विक रिलीजचा, म्हणजे चाक हातानं सोडवायचा खटका उघडून चोर चाक तिथंच ठेवतो आणि बाकीची सायकल नेतो.

पणजी
मी यू-लॉक, म्हणजे यू आकाराचं जाड कुलूप वापरतो. १८ जून रस्त्यावर खांब मिळतात, पण बांधण्याआधी खांब हलवून बघतो आणि मान वर करून बघतो. खांब बुटका आणि वरची पाटी लहान असेल तर कुलपासकट सायकल वरून काढता येते. माडाला यू-लॉक पुरत नाही, बुंधा जाड पडतो.

लहान यू-लॉक असणाऱ्यांनी शेल्डन ब्राउन या अमेरिकन मेकॅनिकची पद्धत करून बघावी. फ्रेमचा जो मागचा त्रिकोण असतो, त्याच्या आत येणारी चाकाची रिम खांबाला अडकवायची. चाक त्या त्रिकोणातून निघत नाही, त्यामुळे फ्रेमही अडकते. कुलपाच्या आत मोकळी जागा जितकी कमी, तितकी पहार घालायला अडचण.

म्हापसा
शुक्रवारच्या बाजारात माझ्या धाकट्या भावाची सायकल गेली. प्लॅस्टिकचं वेष्टण असलेली वायर होती, तुकडे तिथंच पडले होते. अशी वायर साध्या कटरनं तुटते. ती सीट किंवा चाक अडकवायला जोडीला ठीक, एकटी नको.

तक्रार देताना सगळ्यात उपयोगी पडला तो फ्रेम नंबर. बहुतेक सायकलींना तो पेडलच्या सांध्याखाली कोरलेला असतो. सायकल उलटी करून आजच फोटो काढा, बिल जपून ठेवा. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यानुसार गुन्हा कुठेही घडला असला तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात माहिती देता येते. ऑनलाइन दिली तर ३ दिवसांत जाऊन सही करावी लागते.

मडगाव
माझी मालवाहू सायकल आहे, पुढे लांब पेटी. डबे पोचवते. ही सायकल खांबाला टेकतच नाही, पेटी मध्ये येते, म्हणून यू-लॉकचा उपयोग नाही. मी लांब, जाड कड्यांची साखळी घेतली. ती फ्रेममधून आणि मागच्या चाकातून ओवून कुंपणाच्या लोखंडी पाइपला बांधते. साखळी जमिनीवर लोळू देत नाही, कारण जमिनीचा आधार मिळाला की मोठ्या कटरवर अंगाचा भार टाकता येतो. जिने चढून यायचं असेल तेव्हा मागचं गोल कुलूपही लावते. पेटीला वेगळं कुलूप.

आमच्या वाड्यावरचा पोदेर टोपलीसकट सायकल तशीच उभी करून वर जातो, कारण सगळा वाडा त्याला ओळखतो. मला अनोळखी इमारतींत जावं लागतं, तिथं हा भरवसा धरता येत नाही.

वास्को
समुद्राची हवा आणि ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, म्हणजे कुलपाची परीक्षाच. किल्लीचं तोंड खाली येईल असं लावा, पाणी आत साचत नाही. खोबरेल तेल घालू नका, धूळ धरून चिकट होतं. ग्रॅफाइटची पूड चांगली.

गोल नळीसारखी किल्ली असलेलं जुनं यू-लॉक कुणाकडे असेल तर बदला. त्यातली काही कुलुपं बॉलपेनच्या नळीनं उघडतात, हे २००४ मध्ये अमेरिकेत उघडकीला आलं होतं.

फोंडा
जत्रेत फुलवाल्या मावशींच्या नजरेसमोर लावते. कुलूप असतंच, शिवाय "मावशी, लक्ष ठेवा हं."

चोडण
मी सायकल धक्क्यावर ठेवून फेरीनं रायबंदरला जातो आणि पुढे बस. दिवसभर सायकल एकटीच असते. धक्क्यावर बांधण्यासारखं काही नाही, मी एका टपरीच्या मागच्या गजाला बांधतो, तीही टपरीवाल्या काकांची मेहेरबानी.

काही ठिकाणी पुढचं चाक खोचायचे रॅक दिसतात. त्यांत फ्रेम बांधता येत नाही आणि धक्का लागला की रिम वाकते. हवा तो उलट्या यू आकाराचा जाड पाइप, साधारण पाऊण मीटर उंच, काँक्रीटमध्ये रोवलेला, दोन पाइपांत एक मीटर अंतर. एका पाइपला दोन्ही बाजूंनी दोन सायकली. खर्च फार नाही. येत्या ग्रामसभेत मी हे मांडणार आहे. चोडणचे आणखी कुणी वाचत असाल तर तुम्हीही या, एकट्याच्या अर्जाला वजन येत नाही.