ऐरोलीची खाडी, सासूबाई आणि सहा वर्षांचा मुलगा: नाताळच्या सुट्टीत किती वाजता जावं?

नौपाड्याची_आई
गेल्या डिसेंबरात आम्ही ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात गेलो होतो. तिवरांमधल्या पायवाटेवर पोचलो तर बुंध्यापर्यंत पाणी. चिखल नाही, खेकडा नाही. मुलगा सारखा विचारत होता, "आई, चालणारा मासा कुठंय?" शाळेत ऐकून आला होता, आणि मी त्याला दाखवते म्हटलं होतं. परत येताना गाडीत एक शब्द बोलला नाही. यंदा मला ते चुकवायचं नाही. सोबत सासूबाई आहेत, वय ७१, एक गुडघा दुखरा. मध्ये बसायला मिळालं तर पाऊण तास चालतात. माहेर समुद्रकाठच्या रेवदंड्याचं, म्हणून त्यांनाच जास्त ओढ आहे. रोहित पक्षीही (फ्लेमिंगो) दिसतील का?

घणसोलीकर
रोहित पक्षी नोव्हेंबरपासून यायला लागतात, पण डिसेंबरात थवे विरळ असतात. गुलाबी रांगा बघायच्या तर फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा या. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, कांदळवनात चिलटं फार.

खाडीवरची_मावशी
ताई, तुमचा दिवस चुकला नव्हता, पाणी चुकलं. मी इथल्याच कोळीवाड्यातली. आमच्याकडे खाडीवर जायची वेळ घड्याळ बघून कोणी ठरवत नाही, तिथीवरून ठरवतात. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे पहाटे साडेचार आणि दुपारी साडेचारच्या सुमारास भरती, आणि मधे साडेदहाला ओहोटी. ऐरोली खाडीत आत आहे, इथं पाणी थोडं मागाहून हलतं, म्हणून अकरा धरा. पुनवेला, अवसेला दुपारी बाराला पाणी वर. तुम्ही बहुतेक अशाच दिवशी आलात.

ओहोटीला पायवाटेवर उभ्या राहा आणि मुलाला सांगा, पाच मिनिटं पाय आपटायचे नाहीत. आधी चिखल नुसता चिखल दिसेल. मग एक डोळा हलेल. तो निवटा, तुमचा चालणारा मासा. छातीजवळच्या परांवर रेलून सरकतो, कल्ल्यांत पाणी धरून ठेवतो म्हणून बाहेर जगतो. बाजूला लहान खेकडे असतील, नराची एकच नांगी मोठी, ती हलवून मादीला बोलावतो. तिवराच्या पानावरून हळूच बोट फिरवू दे, पान तोडू नका. खरखर लागते ना, ते मीठ. झाड खारं पाणी पितं आणि मीठ पानातून बाहेर टाकतं. चिखलातून वर आलेल्या काड्या म्हणजे त्याची मुळंच, श्वास घ्यायला वर येतात.

लहानपणी आम्ही बांधावर बसून हेच बघायचो, तेव्हा याला कोणी बघायची गोष्ट म्हणत नव्हतं. २०१५ साली खाडीचा १६९० हेक्टर भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आला. पोरं आता वह्या घेऊन येतात, मला फार बरं वाटतं. पाण्यात प्लास्टिकही तेवढंच येतं, ते बघून जीव तुटतो. रिकामी बाटली परत घरी न्या, एवढं मागणं.

नौपाड्याची_आई
मावशी, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं! मग केंद्राच्या खाडीतल्या बोटफेरीचं काय?

खाडीवरची_मावशी
बोट पाण्यावर चालते, म्हणून ओहोटीला नाही मिळत. वेळ रोज बदलते, आधी नोंदणी करून विचारा. सासूबाईंना बोटीत चढवताना दोन माणसं लागतील, पाणी खाली असलं की धक्का उंच पडतो. सकाळी चिखल, मग डबा, पाणी चढलं की बोट. दोन्ही एका दिवसात बसेल.

घणसोलीकर
आजींसाठी घडीचं स्टूल न्या. आणि मुलाच्या गळ्यात दुर्बीण अडकवू नका, एका जागी उभं राहायला शिकला की डोळे पुरतात. दुर्बीण आजींना द्या.

नौपाड्याची_आई
मावशीचं उत्तर सासूबाईंना वाचून दाखवलं. पाऊणपट म्हटल्याबरोबर त्या म्हणाल्या, "अगं, हे तर आमचे आबा सांगायचे, मलाच विचारायचंस." भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून बसल्यात. षष्ठी नाताळच्या दुसऱ्या दिवशी येते म्हणतात. त्या दिवशी जातोय.