मदत हवी आहे: सीक्यूएलमध्ये = आणि !=, दोन्हींतून रुग्ण गळतात

नमस्कार. मी इंदूरचा. मालवा मिलकडच्या एका दवाखान्याच्या नोंदींवर सीक्यूएलमध्ये, म्हणजे एचएल७ या आरोग्य-माहितीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या क्लिनिकल क्वालिटी लँग्वेजमध्ये, क्वेरी लिहितोय. तंबाखू खाणाऱ्यांना समुपदेशनाला बोलवायचंय, त्यांची यादी हवी.

चाचणीला ४० रुग्ण घेतले. व्हेअरमध्ये, म्हणजे रुग्ण गाळायच्या अटीत, तंबाखू = 'नाही' लिहिलं, २२ आले. != (म्हणजे 'नाही' सोडून दुसरं उत्तर) केलं, ११ आले. उरलेले ७ कुठेच नाहीत! तासभर तारखांच्या अटी तपासल्या. मग त्यांतला एक केसपेपर काढला. वय ५८, तोंडात पांढरा चट्टा अशी डॉक्टरांची नोंद, आणि तंबाखूचा रकाना कोरा. विचारायचंच राहून गेलेलं. ज्यांना सगळ्यात आधी बोलवायचं, तेच यादीबाहेर.

एवढं कळलं की एक बाजू नल, म्हणजे कोरी, असली की = चं उत्तर नलच येतं, != चंही तेच, आणि व्हेअर फक्त ट्रू आलेले ठेवतं. तंबाखू = नल लिहूनही पाहिलं, एकही रुग्ण आला नाही.

टीममधली मैत्रीण म्हणते, सगळीकडे = काढ आणि ~ टाक, म्हणजे 'समतुल्य' चिन्ह, जे नल असलं तरी ट्रू किंवा फॉल्स सांगतं. !~ ने (समतुल्य नाही) १८ आले. बेरीज जुळली, पण ज्यांना विचारलंच नाही ते आता खाणाऱ्यांत मोजले जातात. शिवाय मागच्या आणि या भेटीचं उत्तर ~ ने ताडलं, तर दोन्ही रकाने कोरे असतानाही ट्रू, म्हणजे 'बदल नाही'. हे मला पटत नाही. तुम्ही काय करता?

प्रतिसाद

सरसकट ~ नको. मजकुरात ते कॅपिटल-स्मॉलचा फरक सोडून देतं, कोडमध्ये फक्त कोड आणि सिस्टिम बघतं, व्हर्जन आणि डिस्प्ले नाही. कोड ताडायला उत्तम, कोऱ्या रकान्यावरचा इलाज म्हणून नाही. 'तंबाखू इज नल' अशी तिसरी यादीच काढा. भेटी ताडताना आधी दोन्हीकडे इज नॉट नल, मग =. कोरे मुद्दाम धरायचे असतील तर तसं उघड लिहा: (तंबाखू = 'नाही') इज नॉट ट्रू. अमेरिकेतल्या सीएमएस १२२ या मधुमेह-उपचारांच्या मापदंडात एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची रक्तचाचणी) ९ टक्क्यांच्या वर असलेले आणि तपासणीच न झालेले एकाच गटात मोजतात, पण तिथे ते ठरवून केलंय.

मूळ धागाकर्ता

मनापासून आभार. तिसरी यादी निघाली, सातही आले. उद्या सकाळी सिस्टरना देतोय, त्या ५८ वर्षांच्या काकांचं नाव सगळ्यात वर ठेवून.