चक्रीवादळात सार्वजनिक निवाऱ्यात मुक्काम : तयारीचे अनुभव

अटलांटिकमधील चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरला जातो, आणि ऑगस्ट उजाडला की फ्लोरिडा, टेक्सास, लुइझियाना या राज्यांतल्या मराठी घरांतही पाणी, बॅटऱ्या आणि डबाबंद खाण्याची जमवाजमव सुरू होते. घरीच राहून वादळ काढण्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. काउंटीने (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या स्थानिक प्रशासनाने) उघडलेल्या निवाऱ्यात जाऊन राहण्याविषयी मात्र आपल्या मंडळींत फारसे बोलले जात नाही. ज्यांना कुठेच थारा नाही त्यांची ती सोय, आपण मित्राकडे किंवा हॉटेलात जाऊ, असा एकूण सूर असतो; पण मित्राचे घर बहुधा घरे रिकामी करण्याच्या आपल्याच झोनमध्ये (विभागात) असते आणि उत्तरेकडची हॉटेले घरे रिकामी करण्याचा आदेश निघण्याआधीच भरतात. म्हणून ज्यांनी असा मुक्काम केला आहे, किंवा निवाऱ्यात काम केले आहे, त्यांनी अनुभव सविस्तर लिहावेत. तिथल्या गैरसोयींपेक्षा निघण्याआधी काय केले आणि त्यातले काय कामी आले, यावर भर असावा.

टँपा, फ्लोरिडा

ऑक्टोबर २०२४ मध्ये मिल्टन चक्रीवादळ आले तेव्हा माझे सासू-सासरे भारतातून आमच्याकडे आलेले होते. २६ सप्टेंबरला हेलीन हे वादळ किनाऱ्याला धडकून गेले होते आणि त्याच्या पुरात भिजलेल्या गाद्या, कपाटे, गालिचे यांचे ढीग काही वस्त्यांत रस्त्याच्या कडेला तसेच पडलेले होते. ७ ऑक्टोबरला मिल्टन झपाट्याने पाचव्या, म्हणजे सर्वांत तीव्र, श्रेणीत गेले, वाऱ्याचा वेग ताशी १८० मैल झाला, आणि सासऱ्यांना प्रवासात किती वेळ बसवता येईल या प्रश्नाशीच आमची चर्चा थांबली. अटलांटाच्या वाटेवर गाड्यांच्या रांगेत त्यांना तासन्‌तास बसवणे शक्य नव्हते.

निर्णय सोपा झाला तो झोनमुळे. आमचे घर इव्हॅक्युएशन झोन ‘बी’ मध्ये आहे. येथे नव्याने आलेल्यांना सांगण्यासारखी गोष्ट ही, की घराच्या विम्यासाठी पाहिला जाणारा फ्लड झोन आणि घर रिकामे करण्याचा झोन हे दोन वेगळे नकाशे आहेत. विमा कंपनीच्या कागदावर घर सुरक्षित दिसले म्हणून समुद्राचे पाणी आत येणार नाही असे नाही. आपला झोन जून महिन्यातच काउंटीच्या संकेतस्थळावर पत्ता घालून पाहावा. वाऱ्यापासून लपा, पाण्यापासून पळा, असे इथले अधिकारी सांगतात, आणि पळायचे म्हणजे शंभर मैल जायचे असे नसून बहुतेकांना झोनच्या बाहेरची पक्की इमारत पुरते.

आमचा निवारा म्हणजे एक शाळा होती. फ्लोरिडात वादळापुरत्या उघडलेल्या निवाऱ्यात माणशी साधारण २० चौरस फूट जागा धरतात, म्हणजे चार फूट बाय पाच फूट, आणि खाट, गादी, उशी मिळेलच असे नसते. छप्पर, भिंती, स्वच्छतागृह आणि साधे जेवण यांच्यापलीकडचे सारे आपले आपण न्यायचे असते. सासऱ्यांचे गुडघे बदललेले असल्यामुळे ते जमिनीवर बसले तर उठू शकत नाहीत. म्हणून हात असलेली घडीची खुर्ची सर्वांत आधी गाडीत गेली, आणि सर्वांत उपयोगी वस्तूही तीच ठरली. रात्री त्यांनी त्याच खुर्चीत, पायांखाली सामानाची बॅग घेऊन, बरीच झोप काढली. व्यायामशाळेतले दिवे रात्रभर चालू ठेवले होते, त्यामुळे डोळ्यांवर बांधायला मऊ पंचे आणि कानांत घालायचे बोळे नेले हे बरे झाले. सासूबाईंनी साडीऐवजी पंजाबी ड्रेस घातला. स्वच्छतागृहाची फरशी सतत ओली असते आणि रांगेत उभे राहावे लागते, तेव्हा त्याचा उपयोग कळला.

खाण्याचे म्हणाल तर तेथे चूल पेटवता येत नाही आणि शाकाहारी माणसाच्या वाट्याला बहुधा ब्रेड, फळे आणि बिस्किटे येतात. आम्ही दशम्या, गूळपापडीच्या वड्या आणि शेंगदाणे न घातलेला चिवडा नेला होता. शेंगदाणे मुद्दाम वगळले, कारण शेजारच्या मुलाला त्यांची ॲलर्जी असू शकते आणि चार फुटांवर माणसे असताना हा विचार करावाच लागतो. लोणच्याची बरणी घ्यायचा सासूबाईंचा आग्रह होता. वासाच्या कारणाने ती घरीच राहिली, याची त्यांना अजून हळहळ आहे.

९ तारखेला रात्री वादळ सिएस्टा कीजवळ, आमच्या दक्षिणेला, किनाऱ्यावर आले. त्यामुळे टँपाच्या उपसागरात पाणी चढण्याऐवजी ओसरले, आणि नंतर काही जणांनी ‘उगीच गेलात’ असे ऐकवले. वादळाचे केंद्र वीस-तीस मैल उत्तरेला सरकले असते तर ते पाणी कुठे आले असते, हे त्यांना नकाशावर दाखवता येते. सेंट पीटर्सबर्गला तर समुद्राशिवाय नुसत्या पावसानेच रस्ते भरले, आणि ट्रॉपिकाना फील्ड या स्टेडियमचे छत फाटले.

फोर्ट मायर्स परिसर, फ्लोरिडा

२८ सप्टेंबर २०२२ च्या इयन चक्रीवादळानंतर येथे कुणालाही वादळाने किनाऱ्यावर लोटलेल्या समुद्राच्या लाटेविषयी पटवून द्यावे लागत नाही. फोर्ट मायर्स बीचवर पाणी १० ते १५ फूट चढले होते. मी फक्त वेळेविषयी लिहितो. वारा ताशी ४० मैलांच्या आसपास स्थिरावला की रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाच्या गाड्या सहसा बाहेर पडत नाहीत, आणि मोठे पूलही बंद होतात. त्यानंतर निवाऱ्यात जाण्याचे ठरवले तरी पोहोचवणारे कुणी नसते. म्हणून आम्ही गाडीची टाकी हंगामभर अर्ध्याच्या खाली जाऊ देत नाही आणि आदेश निघाला की दिवसाउजेडी निघतो. लवकर जाणाऱ्याला भिंतीकडेची जागा मिळते, हा वरचा लाभ. वादळ अंगावर असताना दारे बंद करतात. गाडीत विसरलेली वस्तू मग सकाळीच मिळते.

ओरलँडोजवळ, फ्लोरिडा (परिचारिका)

ऑक्सिजन, डायलिसिस किंवा विजेवर चालणारे उपकरण लागणाऱ्यांसाठी काउंटीचे वेगळे, विशेष गरजांचे निवारे असतात. त्यासाठी आधी नोंदणी करावी लागते आणि ती वादळ दारात आल्यावर नव्हे, हंगामाच्या आधी करणे शहाणपणाचे. सोबत एक काळजीवाहक असावा अशी अपेक्षा असते.

भारतातून आलेल्या आई-वडिलांच्या बाबतीत मला वारंवार दिसणारी अडचण म्हणजे औषधांची नावे. गोळ्यांच्या पाकिटावर भारतातील कंपनीचे नाव ठळक असते आणि ते इथल्या डॉक्टरांना परिचित नसते. म्हणून प्रत्येक गोळीतील मूळ औषधाचे नाव, मात्रा आणि वेळ एका कागदावर इंग्रजीत लिहून तो कागद वृद्धांच्या स्वतःच्या खिशात ठेवावा, मुलाच्या फोनमध्ये नव्हे. गोळ्या पाकिटासकट आणाव्यात, डब्यात ओतून आणू नयेत. इन्सुलिन असल्यास थंड पिशवी न्यावी, पण ते बर्फाला टेकता कामा नये, कारण गोठलेले इन्सुलिन वाया जाते. कवळीची डबी, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या आणि जादा चष्मा या किरकोळ वाटणाऱ्या वस्तूंवाचून माणूस गर्दीत फार एकाकी पडतो. इंग्रजी न समजणाऱ्या आजीला ध्वनिक्षेपकावरची सूचना कळावी म्हणून कुणीतरी सतत जवळ असावे.

ह्यूस्टन, टेक्सास

२०१७ च्या हार्वी चक्रीवादळात मी जॉर्ज आर. ब्राउन कन्व्हेन्शन सेंटरमध्ये स्वयंसेवक म्हणून काम केले. तेथे सुमारे ५,००० माणसांची सोय योजलेली होती आणि दुपटीच्या आसपास माणसे आली. आमची परिस्थिती फ्लोरिडाहून वेगळी होती. २००५ च्या रीटा वादळाच्या वेळी शहर सोडणाऱ्यांच्या रांगांमध्ये, उन्हात आणि अपघातांत, शंभरेक माणसे गेली होती. ती आठवण ताजी असल्याने हार्वीत शहर रिकामे करण्याचा आदेश निघाला नाही, आणि लोक पाऊस पडू लागल्यावर, होड्यांतून आणि मालट्रकांतून, अंगावरच्या ओल्या कपड्यांनिशी आले. त्यांना आधी लागले ते कोरडे मोजे, डायपर, चष्मे आणि फोनची चार्जर.

तेव्हापासून आमच्या घरात जिन्यावर एक बॅग भरलेली असते. तिच्यात पारपत्रे, व्हिसाचे कागद, विम्याची पाने आणि थोडी रोकड जाड प्लॅस्टिकमध्ये बंद आहेत. वीज गेली की कार्ड चालत नाही. घराच्या प्रत्येक खोलीचे छायाचित्र मी हंगामाच्या सुरुवातीला काढून ठेवतो, विम्याच्या दाव्यासाठी. व्हिसावर असलेले काही जण निवाऱ्यात नोंद होईल म्हणून कचरतात. मी ज्या टेबलावर बसलो होतो तेथे नाव, आधीचा पत्ता आणि सोबतची माणसे एवढेच लिहून घेत होते.

सॅरासोटा, फ्लोरिडा

आमच्याकडे मांजर आहे. कत्रिना वादळाच्या वेळी, २००५ मध्ये, अनेकांनी जनावरांना सोडून जाणे नाकारले आणि त्यानंतरच्या वर्षी पाळीव प्राण्यांचा विचार आपत्ती-योजनेत करण्याचा कायदा झाला. तरीही प्रत्येक निवारा प्राणी घेत नाही. यादीत तसे लिहिलेले पाहावे. लसीकरणाचा कागद, पिंजरा आणि वाळूची थाळी लागते, आणि प्राणी बहुधा वेगळ्या खोलीत ठेवतात. मांजर पिंजऱ्यात बसायला आधीपासून सरावलेले असावे, नाही तर निघायच्या घाईत ते पलंगाखाली जाते आणि काढता काढता घरातली सगळी माणसे घामाघूम होतात.

श्रीवर्धन, रायगड

माझी मुलगी फ्लोरिडात असते, म्हणून हे वाचते आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्याकडे आले तेव्हा आम्हांलाही गावातल्या शाळेच्या पक्क्या इमारतीत नेले होते. त्यात करोनाचे दिवस, त्यामुळे मुखपट्टी आणि अंतर यांचीही भर. आम्ही सातबारा, आधार, रेशनकार्ड आणि बँकेचे पुस्तक तेलाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून नेले, चण्याफुटाण्यांची पुरचुंडी आणि पाण्याची कळशी घेतली. निघण्याआधी गुरांची दावी सोडली, हे फार महत्त्वाचे होते, कारण गोठ्याचे पत्रे दुपारी उडाले. नारळी-पोफळी आडव्या झाल्या आणि वीज यायला आठवडे लागले. मुलीला मी एवढेच विचारले, की तुमच्याकडे निवाऱ्यातून घरी कधी सोडतात.

टँपा, फ्लोरिडा (पहिल्याच लेखिकेकडून)

काकू, वारा उतरल्यावर काउंटी रस्ते आणि पूल तपासते, मग झोननिहाय परवानगी जाहीर होते. तोवर थांबावे लागते, आणि वीज नसल्यास वातानुकूलनही नसते, म्हणून हातपंखा न्यावा. परतताना पाणी साचलेल्या रस्त्यावर गाडी घालू नये, लोंबणाऱ्या तारेजवळ जाऊ नये, आणि जनरेटर घराबाहेर, दारे-खिडक्यांपासून किमान २० फूट दूर चालवावा, कारण त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वादळ गेल्यावरही माणसे मारतो. सासऱ्यांची खुर्ची आम्ही गाडीतून काढलेली नाही.